आरोपी बाई असते तेव्हा: तालुका वार्ताहरांसाठी बातमी लिहिण्याच्या पायऱ्या

‘बाईनं नवऱ्याला मारलं. लवकर या, फोटो भेटते.’ ठाण्यातून असा फोन आला की पुढच्या अर्ध्या तासात काय होतं, हे विदर्भातल्या कोणत्याही तालुका वार्ताहराला सांगायला नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी पडतात. त्याच चार ओळी सगळ्या पेपरांत आणि पोर्टलवर जातात. सकाळी बसस्थानकासमोरच्या टपरीवर चहा उकळेपर्यंत गावानं निकाल लावलेला असतो. त्या चार ओळींत दोन शब्द ठरलेले असतात: ‘अनैतिक संबंध’ आणि ‘कबुली’.

मी अकरा वर्षं तालुक्यावरून बातम्या पाठवल्या, आता जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसते. नवऱ्यानं बायकोला मारलं तर बातमी आतल्या पानावर दोन कॉलम, आणि बायकोनं नवऱ्याला मारलं तर पहिल्या पानावर, हे मी रोज बघते. त्यामागे एक सरळ कारण आहे. असं क्वचित घडतं. देशातल्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे बायका चारच्या आसपास आहेत. क्वचित घडणारी गोष्ट मोठी छापली जाणार, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की बातमी मोठी होता होता गुन्हा मागे पडतो आणि बाई पुढे येते. ती बायको कशी होती, आई कशी, सून कशी, मोबाईल किती वापरायची. शेवटी ती कुलटा तरी ठरते, नाहीतर बिचारी. तिनं नेमकं काय केल्याचा आरोप आहे आणि तो कोणी केला आहे, हे दोन्हीकडे हरवतं. खालच्या पायऱ्या तेवढं हरवू नये म्हणून आहेत.

पायरी १: आधी एफआयआर, मग बाकीचं

ग्रुपवरची प्रेसनोट म्हणजे एफआयआर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती शोधा. नाही मिळाली तर ठाणेदारांकडे मागा.

एफआयआर हातात आली की सगळ्यात आधी फिर्यादी कोण ते बघा. नवरा मेला असेल तर फिर्यादी बहुतेक वेळा त्याचा भाऊ किंवा बाप असतो. म्हणजे जी हकीकत आपण ‘पोलिसांनी दिलेली माहिती’ म्हणून छापतो, ती मुळात दिराची किंवा सासऱ्याची असते. ती खोटी असेलच असं नाही. पण ती त्यांच्या नावानं यायला हवी: ‘मृताच्या भावाने दिलेल्या फिर्यादीनुसार’. या चार शब्दांनी बातमीचा निम्मा दोष जातो.

मग कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं जुनं कलम ३०२ म्हणजे आता १०३. सदोष मनुष्यवध १०५ मध्ये, खुनाचा प्रयत्न १०९ मध्ये. १०३ सोबत ३(५) लावलं असेल तर एकाहून जास्त जणांचा समान उद्देश होता, असा पोलिसांचा दावा आहे. तिथं थांबून आरोपी मोजा. तीन आरोपी, त्यातले दोन पुरुष, आणि मथळ्यात एकटी ‘पत्नी’, अशी कॉपी माझ्याकडे सारखी येते. कुऱ्हाड कोणी चालवली असा आरोप आहे, हे तिसऱ्या परिच्छेदात कळतं. तेही डेस्कनं कापलं नसेल तर.

नुसता मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल असेल तर खून हा शब्द वापरू नका. विषाच्या प्रकरणात हे फार जपायला हवं. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, नागपूरच्या किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायला महिने लागतात. तोवर ‘विषप्रयोगाचा संशय’ एवढंच आपल्याला माहीत असतं.

अटकेची वेळही लिहून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, असा नियम आहे. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. फोन रात्री दहाला आला असेल तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

पायरी २: ‘कबुली’ आणि ‘पश्चात्ताप’

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. तिनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधापुरता भाग तेवढा चालतो. मग ‘पोलिसी खाक्या दाखवताच तिने पोपटासारखी कबुली दिली’ हे वाक्य आपण कशाच्या जोरावर छापतो? १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानं मीडिया ट्रायलवर निकाल दिला. त्यात तपास चालू असताना काय टाळायचं ते स्पष्ट सांगितलं आहे: पोलिसांसमोरची कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी दाखवणं, आरोपीच्या किंवा पीडितेच्या चारित्र्यावर बोलून वातावरण कलुषित करणं, गुन्ह्याचा प्रसंग पुन्हा रंगवून दाखवणं. तो निकाल वाहिन्यांच्या निमित्तानं आला, पण त्यातली शिस्त आपल्या तालुक्याच्या बातमीलाही लागते.

लिहायचंच असेल तर असं लिहा: ‘चौकशीत तिने गुन्हा कबूल केल्याचा पोलिसांचा दावा आहे. असा जबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही.’ दुसरं वाक्य गाळू नका. वाचकाला ते कोणी सांगितलेलं नसतं.

‘चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे, म्हणून त्याबद्दल सांगते. सातेक तास ठाण्यात बसवलेली ती बाई होती. पायात एकच चप्पल, घोट्यापर्यंत वाळलेला चिखल, हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास. पाणी तिनं प्यायलं नव्हतं, ग्लास नुसता फिरवत होती. मध्येच पदराची घडी करून ती छातीशी दाबून धरायची. तिचं तान्हं लेकरू शेजारणीकडे होतं आणि दूध झरून ब्लाउज ओला झाला होता. मी हे पाहिलं. बाई असून पाहिलं. आणि ऑफिसात येऊन लवलेशाचं वाक्य टाईप केलं, कारण ती रडत नव्हती.

न रडणाऱ्या बाईला जगभर हेच भोगावं लागलं आहे. ऑस्ट्रेलियात १९८० साली लिंडी चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची मुलगी उलुरूजवळच्या तळावरून नाहीशी झाली. डिंगो नावाच्या रानकुत्र्यानं बाळ नेलं, असं त्या सांगत राहिल्या. टीव्हीवर त्या रडल्या नाहीत, म्हणून देशानं त्यांना मारेकरी ठरवलं. १९८२ मध्ये जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा त्या सुटल्या, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनंच बाळ नेलं होतं हे मृत्यूच्या दाखल्यावर यायला २०१२ उजाडलं.

चेहऱ्यावरून मनातलं वाचायचं सोडून द्या. दिसलं ते लिहा, नाहीतर काहीच लिहू नका.

पायरी ३: मथळ्यातले शब्द, आणि ‘अनैतिक संबंध’

‘काटा काढला’, ‘संपवलं’, ‘प्रियकराच्या मदतीने’, ‘निर्दयी माता’, ‘क्रूरकर्मा’, ‘उच्चशिक्षित पत्नीचा कारनामा’. मार्च २०२५ मध्ये मेरठचं प्रकरण गाजलं, त्यात नवऱ्याचा मृतदेह निळ्या ड्रममध्ये सापडला होता. तेव्हापासून ‘निळा ड्रम’ही यात आला. ज्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही, त्याच्या बातमीतही तो दिसतो.

यावर एक साधी परीक्षा आहे. कॉपी पूर्ण झाली की बाईच्या जागी पुरुष घालून वाचा. ‘उच्चशिक्षित पतीने पत्नीचा काटा काढला.’ ‘दोन लेकरांच्या बापाला दयामाया आली नाही.’ ‘आरोपी पती सोशल मीडियावर सक्रिय होता.’ कानाला खटकलं की तो शब्द काढा. राहील ते बहुतेक नीटच असतं. ‘पतीच्या खुनाच्या आरोपात पत्नीसह तिघे अटकेत’ हा मथळा कमी विकला जाईल असं डेस्कवरचे लोक म्हणतात. म्हणू द्या. गावाचं नाव आणि खुनाचा आरोप एवढ्यावर तालुक्यातला माणूस बातमी वाचतोच.

‘अनैतिक संबंध’बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे तपासाच्या पहिल्या दिवशी कारण सापडलं नाही की हा शब्द भरला जातो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातले चौघं जमावानं मारले. सुरुवातीच्या बातम्यांत काय होतं आठवा. अनैतिक संबंधांतून गावकऱ्यांचा उद्रेक. दलित कुटुंब, शेतीचा वाद, त्या आईनं पोलिसांत दिलेली साक्ष, हे सगळं त्या दोन शब्दांखाली गाडलं गेलं आणि वर यायला कित्येक आठवडे लागले. तिथं ती बाई बळी होती, आरोपी नव्हती. तरीही तोच शब्द तिच्यावर फेकला गेला, कारण बाईच्या बाबतीत तो लगेच पटतो. खैरलांजी विदर्भातच घडली. तो शब्द टाईप करताना निदान आपला हात थबकला पाहिजे.

संबंध होते असा फिर्यादीचा आरोप असेल आणि तोच हेतू म्हणून एफआयआरमध्ये असेल, तर ‘विवाहबाह्य संबंधांतून हा प्रकार घडल्याचा फिर्यादीचा आरोप आहे’ असं लिहा. नैतिक-अनैतिक ठरवायला आपल्याला कोणी नेमलेलं नाही.

पायरी ४: गावात जाऊन विचारा, पण काय?

डेस्कवरून ‘बॅकग्राउंड टाका’ असा निरोप येतो आणि आपण शेजाऱ्यांना ‘बाई कशी होती?’ विचारतो. त्या प्रश्नाला गावात एकच उत्तर येतं, आणि ते मयताच्या घराला सोयीचं असतं. कारण मयताचं घर गावात राहणार आहे आणि बाई तुरुंगात. त्याऐवजी नोंदी शोधा.

पोलीस पाटलाला विचारा: या घरातून आधी कधी तक्रार आली होती का? ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारींच्या नोंदी, किती? तंटामुक्ती समितीपुढे हे भांडण आलं होतं का, आणि समितीनं समजूत घालून परत पाठवलं होतं का? कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांच्या भरोसा सेलकडे अर्ज? ग्रामीण रुग्णालयात ‘पडून मार लागला’ म्हणून तिची कधी नोंद? रुग्णालय कागद देणार नाही, ते बरोबरच आहे, पण माहेरच्यांकडे चिठ्ठी असते. माहेरच्यांना फोन करा. आपल्या बातम्यांत सासर असतं, माहेर नसतं. दारूबंदी असलेल्या वर्धा, गडचिरोलीतही रोज पिऊन येणारा नवरा असतो, आणि त्याची एनसी घ्यायला टाळाटाळ झालेली असते. तिच्या तीन तक्रारी नोंदवून घेतल्या नव्हत्या हे कळलं, तर ती स्वतंत्र बातमी आहे.

घरातल्या वस्तूंवरून ‘कट’ रचू नका. शहरातल्या डेस्कला हे कळत नाही, आपल्याला कळायला हवं. ‘तिने आधीच विष आणून ठेवले होते’ अशी कॉपी आली तेव्हा मी वार्ताहराला विचारलं, कापसाचं वावर आहे का त्यांचं? होतं. ऑगस्ट महिना, पऱ्हाटीवर फवारणी चालू. त्या दिवसांत कुठल्याही घरात खाटेखाली किंवा बंडीच्या आडोशाला फवारणीचा डबा असतोच. आपण त्याला विष म्हणतही नाही, ‘औषध’ म्हणतो. कुऱ्हाड आणि विळ्याचंही तेच. सरपण फोडणाऱ्या बाईच्या घरात कुऱ्हाड नसेल तर कुठे असणार? खरेदीची पावती, दुकानदाराचा जबाब असं पोलिसांकडे काही असेल तर ते छापा. नुसतं घरात असणं म्हणजे पूर्वतयारी नव्हे.

मुलांना काही विचारू नका. ‘मम्मीनं काय केलं?’ असा माईक सहा वर्षांच्या पोरापुढे धरलेला मी पाहिला आहे. ते पोर खटल्यात साक्षीदार असू शकतं, आणि त्याआधी ते पोर आहे.

पायरी ५: बिचारी आणि रणरागिणी

मारहाणीचा इतिहास सापडला की कॉपी उलटी वाहत जाते. ‘अबला’, ‘सोशिक’, मग एकदम ‘दुर्गावतार’. हाही साचाच आहे. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादवला ठार केलं. बलात्कार आणि खंडणीनं त्यानं ती वस्ती वर्षानुवर्षं छळल्याचे आरोप होते. काहींनी लिहिलं जमाव, काहींनी रणरागिणी. दोन्हींत आरोपी बायका वेगवेगळी माणसं म्हणून दिसल्याच नाहीत. कोण तिथं होती, कोण नव्हती, कोणाला नुसत्या नावावरून उचललं? २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. मधली दहा वर्षं त्यांनी कोर्टाच्या तारखा केल्या. रणरागिणी म्हणून मथळा दिलेल्यांपैकी त्या तारखांना फार कोणी गेलं नाही.

मारहाणीची नोंद असेल तर तारखेनिशी द्या. तिला विशेषण देऊ नका.

पायरी ६: विहिरीची बातमी

सगळ्यात कठीण हीच, आणि आपल्या भागात ती वारंवार येते. आई लेकरांना घेऊन विहिरीत उडी घेते. लेकरं जातात. तिला कोणीतरी दोरानं बाहेर काढतं, ती वाचते आणि तिच्यावर खुनाचा गुन्हा दाखल होतो. विहिरीच्या काठावर लहान चपला ओळीनं काढून ठेवलेल्या असतात, फोटोग्राफर आधी त्यांचाच फोटो घेतो. मथळा ‘निर्दयी मातेने पोटच्या गोळ्यांना...’ असा.

इथं दोन वेगळ्या बातम्या एकात असतात: मुलांचा मृत्यू आणि आईचा आत्महत्येचा प्रयत्न. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं. भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखा सरसकट गुन्हाही राहिलेला नाही. मुलांच्या मृत्यूचा गुन्हा मात्र तिच्यावर राहतो. मद्रास उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सुयंबुक्कनी या बाईच्या खटल्यात अशाच घटनेचा विचार केला. तमिळ लोककथेतली नल्लतंगाळ दुष्काळात लेकरांसह विहिरीत उडी घेते. न्यायालयानं तिचा दाखला घेतला, दीर्घकाळ साठत गेलेला छळ लक्षात घेतला आणि गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधात धरला. हे वाचलेल्या वार्ताहराच्या हातून ‘निर्दयी’ हा शब्द सहज उमटणार नाही.

लिहिताना आत्महत्येची पद्धत, विहिरीची खोली, चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. ‘पीक गेलं म्हणून’ किंवा ‘सासूच्या बोलण्यावरून’ असं एकच कारण चिकटवू नका. बाळंतपण किती महिन्यांपूर्वीचं, हे आशा ताईंना विचारा. बाळंतपणानंतरचं नैराश्य गावात कोणी नाव घेऊन सांगत नाही, ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात. तिच्यावर मनोरुग्णालयात उपचार चालू असतील तर तिचा फोटो, माहिती तिच्या संमतीशिवाय द्यायची नाही, असं त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं. बातमीच्या शेवटी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक, १४४१६, चौकटीत द्या. मराठीतही बोलता येतं आणि फोन मोफत आहे.

पायरी ७: फोटो आणि ओळख

लवकर या, फोटो भेटते. तो मिळाला तरी छापायचा का? ओळखपरेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा छापून आपण तपासच बिघडवतो. फेसबुकवरून लग्नाचा, सणाचा, लिपस्टिक लावलेला फोटो उचलणं तर बंदच करा. त्यामागचा हेतू वाचकाला बरोबर कळतो.

मुलं वाचली असतील तर त्यांची ओळख उघड होईल असं काहीही देता येत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ पीडित आणि साक्षीदार बालकांनाही लागू आहे. दीड हजार वस्तीच्या गावात आईचं नाव आणि मुलाचं वय दिलं की ओळख झालीच. ज्याला मारलं त्यानं तिच्यावर किंवा तिच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार असेल तर न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ लागतं. मग आरोपी म्हणूनही तिचं नाव छापण्याआधी संपादकांशी बोला. जात, पारधी-गोंड असा उल्लेख, ‘परप्रांतीय’ हे गुन्ह्याशी थेट जोडलेलं नसेल तर काढा.

पायरी ८: वहीत चार तारखा

अटकेच्या दिवशीच पुढच्या तारखा वहीत मांडा. पोलीस कोठडी संपण्याची. खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांनी दोषारोपपत्राची. ते वेळेत आलं नाही तर तिला जामीन मागता येतो. मग आरोपनिश्चितीची आणि निकालाची. खटल्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक घेऊन ठेवा, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. तिला वकील आहे का, हेही विचारा. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कित्येक बायकांना आणि त्यांच्या माहेरच्यांना हे बातमीतूनच कळू शकतं.

पुढे काय होणार याची भाकितं करू नका. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. ‘फाशी जाणाऱ्या पहिल्या महिला’ असे मथळे कितीदा झाले. जानेवारी २०२२ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबावरून मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षा जन्मठेपेत बदलली.

आणि बाई सुटली तर? मी जिच्याबद्दल लवलेशाचं वाक्य लिहिलं होतं, ती चार वर्षांनी सुटली. तिचा भाऊ जुनं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या ऑफिसात आला आणि म्हणाला, ‘मॅडम, आता हेबी छापा नं, इतकंच मोठं.’ ज्या पेपरात मी तेव्हा होते, तिथं ते पान पाचवर सहा ओळींत आलं. जुनी बातमी इंटरनेटवर तशीच राहिली. मुलाच्या शाळेत कोणीतरी ती फोनवर दाखवली, हे नंतर कळलं.

म्हणून निकालाच्या दिवशी दोन कामं करा. निर्दोषत्वाची बातमी अटकेच्या बातमीएवढ्याच जागेसाठी मागा, कात्रण मोजून सेंटिमीटरमध्ये मागा. आणि जुन्या बातमीच्या लिंकवर, मथळ्याच्या लगेच खाली, ही ओळ टाकायला वेब डेस्कला सांगा: ‘या प्रकरणातील आरोपी महिलेची सत्र न्यायालयाने अमुक तारखेला निर्दोष मुक्तता केली आहे.’ तारीख घालून. मग लिंक उघडून स्वतः बघा, ओळ आली की नाही.